चापडा चावला तर आधी काय, नंतर काय

सर्पदंशात काय करू नये, हे आता बहुतेकांना तोंडपाठ असतं. कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. तरीही दर पावसाळ्यात तीच गडबड होते, कारण क्रम चुकतो. अंगठी काढायची हे माहीत असतं, पण ती आठवते बोट फुगल्यावर. वेळ लिहून ठेवायची हेही माहीत असतं, पण ती विचारायची पाळी डॉक्टरांवर येते आणि मग चार जण चार वेळा सांगतात.

चापड्याच्या बाबतीत हा क्रम जास्त महत्त्वाचा आहे. त्याचं विष पहिलं काम दंशाच्या जागीच सुरू करतं: कळ, आणि मागोमाग सूज. सूज चढायच्या आधीची पाच-दहा मिनिटं एका प्रकारच्या कामाची, नंतरचे तास दुसऱ्या. पहिली कामं दुसऱ्या वेळात होत नाहीत.

हा लेख सह्याद्रीतल्या चापड्यांबद्दल आहे. पण साप दिसलाच नसेल तरी रस्त्यावरचा क्रम हाच. फक्त पापण्या जड होणं, गिळायला त्रास, बोलणं अडखळणं यांतलं काही दिसलं, तर ते नाग किंवा मण्यारीचं लक्षण समजा. तिथे श्वास बंद पडू शकतो, म्हणून एक मिनिटही घालवू नका.

## १. ओळख आधी करून ठेवा, चावल्यावर नाही

चापडे म्हणजे पिट वायपर. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधोमध दोन्ही बाजूंना एकेक खळगा असतो आणि त्यातून सापाला उष्णता जाणवते. उंदीर असो की तुमचा हात, अंधारात त्याला दोन्ही कळतात. घोणस आणि फुरसं हेही वायपरच, पण त्यांना हा खळगा नसतो. हा फरक आत्ता बारीकसा वाटेल. पुढे लसीच्या वेळी तोच आडवा येतो.

आपल्याकडे मुख्यतः तिघांशी गाठ पडते.

हिरवा चापडा, म्हणजेच बांबू पिट वायपर. हिरवट, दोन-अडीच फुटांचा, बांबूच्या बेटात किंवा झुडपावर वेटोळं करून बसलेला. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापासून थेट दक्षिणेपर्यंत आढळतो.

मलबारी चापडा. आंबोली, चोर्ला, तिळारी या पट्ट्यातला ओळखीचा साप. याच्या रंगावर जाऊ नका: हिरवा, तपकिरी, पिवळसर, नारिंगी, काहीही असू शकतो. ओढ्याकाठचे खडक आणि कमरेपासून डोक्यापर्यंतच्या उंचीच्या फांद्या या त्याच्या आवडत्या जागा. एकदा बसला की दिवसेंदिवस तिथेच दिसतो.

हंप-नोज्ड पिट वायपर. जेमतेम दीड फुटाचा, वाळक्या पानाच्या रंगाचा, नाकाचं टोक वर वळलेलं. गोवा आणि त्याच्या दक्षिणेला पातेऱ्यात, कॉफी-रबराच्या मळ्यांत आढळतो. सीमेलगतच्या आपल्या जंगलातही तो असणारच असं धरून चाला. तिघांत दिसायला सगळ्यात किरकोळ आणि परिणामाने सगळ्यात वाईट हाच. रक्ताची गुठळी होण्याची क्रिया बिघडणं आणि मूत्रपिंड निकामी होणं हे याच्या दंशात घडलेलं आहे. केरळातल्या अशा जीवघेण्या दंशांच्या खातरजमा केलेल्या नोंदी २००७ साली प्रसिद्ध झाल्या. तोवर अनेक डॉक्टर त्याला फुरसं समजूनच उपचार करत होते.

पहिल्या दोघांच्या दंशात बहुतेक वेळा प्रचंड कळ, सूज, काळंनिळं पडणं आणि फोड एवढ्यावर भागतं, मृत्यू विरळा. पण 'बहुतेक वेळा' या शब्दांवर घरी बसून राहायचं नाही.

गल्लत कुठे होते: हिरवा साप म्हणजे चापडा, हे खरं नाही. हरणटोळही हिरवाच, पण तो चाबकासारखा बारीक असतो, त्याचं तोंड टोकदार आणि डोळ्याची बाहुली आडवी. चापड्याचं अंग जाड, डोकं त्रिकोणी, मान एकदम बारीक, बाहुली उभी. तपकिरी मलबारी चापडा आणि फुरसं यांत तर अंधारात सरावलेल्या माणसाचीही फसगत होते. तेव्हा दंशानंतर 'हा अमुकच' असं ठामपणे सांगायच्या भानगडीत पडू नका. 'दिसायला असा होता' एवढंच सांगा.

## २. जंगलात किंवा बागेत शिरण्यापूर्वीची तयारी

ही यादी कंटाळवाणी आहे, म्हणूनच कोणी करत नाही.

१. जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस असते आणि रात्री डॉक्टर असतो, हे फोन करून विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय असा चढता क्रम माहीत हवा. डायलिसिसची सोय कुठे आहे, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.

२. मोबाइलला रेंज कुठपर्यंत येते ते जाताना पाहून ठेवा. 'मोठ्या वडापाशी दोन काड्या येतात' ही माहिती रात्री साडेनऊला सोन्याची होते.

३. पिशवीत हवं ते: दोन रुंद क्रेप बँडेज, एक लांब ओढणी किंवा पंचा, हातभर लांबीची हलकी फळी, बॉलपेन, जाड मार्कर, चांगली बॅटरी. एवढंच. ब्लेड, पोटॅशियम परमँगनेट, सर्पमणी, बाजारात मिळणारे चोषक पंप यांतलं काही नको. जवळ असलं की हात वळवळतो.

४. गमबूट. पोटरीपर्यंतचे, साधे रबरी. चप्पल घालून पातेऱ्यात पाय टाकायचा नाही.

५. अंगठ्या, कडी, बांगड्या, जोडवी, पैंजण, घट्ट घड्याळ घरी ठेवून निघा. बागेत रोज काम करणाऱ्या बाईला हे सांगणं सोपं नाही, मला ठाऊक आहे. निदान बोटात रुतलेली अंगठी तरी सैल करून घ्या.

तपासा: सोबतच्या किमान दोघांना गाडी चालवता येते ना? एकालाच येत असेल आणि चावा त्यालाच बसला, तर काय कराल ते निघण्याआधी ठरवा.

## ३. हात कुठे घालायचा नाही

चापडा पळत नाही. तो आपल्या रंगावर विसंबून बसून राहतो. म्हणून बहुतेक दंश अंगावर येणाऱ्या सापाचे नसतात, तर माणसाने न बघता त्याच्यापर्यंत नेलेल्या हाताचे असतात. कारवीची फांदी धरून चढणं, गडग्यावर हात टेकून पलीकडे उडी मारणं, काजूच्या बुडाशी पाला ओढणं, बांबू तोडताना बेटात हात खुपसणं, रात्री घाटातल्या कठड्यावर टेकून उभं राहणं, ही नेहमीची ठिकाणं. पाला काठीने किंवा दाताळ्याने ओढा, आणि फांदीला हात लावण्यापूर्वी तिच्यावर एकदा बॅटरी फिरवा. एवढ्या सवयीने निम्मं काम होतं.

अलीकडे यात फोटोवाल्यांची भर पडली आहे. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन नेऊन माणूस एका वितीवर येतो. वेटोळं घातलेला साप आपल्या लांबीच्या निम्म्यापर्यंत सहज झेप घेतो. सहा फुटांच्या आत जायचं नाही, आणि फांदी वाकवून 'चेहरा दिसू दे' असं तर मुळीच करायचं नाही.

पिल्लांना कमी लेखू नका. चापडे अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात, आणि बोटाएवढं पिल्लू जन्मापासून विषारी असतं.

## ४. पहिली पाच मिनिटं: हाच क्रम

मी आंबोलीच्या बाजूला रात्रीच्या जंगलफेऱ्यांना लोकांना नेतो. काही वर्षांपूर्वी सोबतच्या एका मुलाने चढ चढताना झुडूप धरलं आणि तर्जनीला चावा बसला. आम्ही सगळ्यात आधी काय केलं? साप शोधला. तीन बॅटऱ्या, दहा मिनिटं, मग फोटो, मग 'मलबारी आहे की हिरवा' यावर वाद. साप तिथेच बसून होता, कुठेही जाणार नव्हता. तेवढ्यात मुलाचं बोट भरून आलं आणि अंगठी मांसात रुतली. साबण लावला, दोरा गुंडाळला, काही होईना. शेवटी दवाखान्यात ती कापून काढली, तोवर बोटाचा शेंडा जांभळा झाला होता. बोट वाचलं. पण त्या दहा मिनिटांमुळेच पुढचा क्रम मी आता निघण्यापूर्वी सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतो.

पायरी १. मागे या. चावलेला माणूस आणि बाकीचे सगळे सापापासून सहा-सात फूट दूर. तोच साप पुन्हा चावू शकतो, आणि दुसऱ्याला चावू शकतो.

पायरी २. खाली बसवा. उभं नाही, चालणं नाही. शांत आवाजात बोला. 'काही होणार नाही' असं खोटं सांगू नका. 'वेळ आहे, आपण निघतोय' हे खरं आहे आणि पुरेसंही आहे. कधीकधी साप विष न सोडताही चावतो, पण ते ठरवायचं दवाखान्यात.

पायरी ३. अंगठी, कडं, घड्याळ, जोडवी काढा. चावलेल्या हातापायावरचं सगळं, फक्त चावलेल्या बोटातलं नाही. चावा बोटाला असला तरी सूज मनगटाच्या पुढे, कोपरापर्यंत जाऊ शकते. घट्ट बाही असेल तर कापा. पायाला चावा असेल तर बूट आणि मोजा आत्ताच काढा.

पायरी ४. वेळ लिहा. कागदावर नाही, कागद हरवतो. बॉलपेनने चावलेल्या माणसाच्या दुसऱ्या हातावर: 'चावा ९.२०'.

पायरी ५. फोन. १०८ लावा, ठिकाण सांगा, गाडी कुठपर्यंत येऊ शकते ते विचारा. गाडीला वेळ लागणार असेल, तर आपण स्वतः निघून वाटेत गाठायचं का, तेही याच फोनवर ठरवा.

पायरी ६. आता, जमलं तर, एक फोटो. लांबून, झूम करून. तीस सेकंदांत नाही मिळाला तर सोडून द्या. साप पकडून न्यायचा नाही आणि मारायचाही नाही. मारणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहेच, शिवाय त्या नादात दुसरा चावा बसतो. मेलेल्या सापाचं तुटलेलं डोकंसुद्धा काही काळ आपोआप चावतं.

सावधान. या पाच मिनिटांत न करायच्या गोष्टी: जखम कापणं, पिळणं, चोखणं, जोरजोरात धुणं-चोळणं, बर्फ लावणं, चुना-हळद-पाला बांधणं, दारू किंवा कडक चहा पाजणं. दंशावर स्वच्छ कापड सैल झाकलं की पुरे.

## ५. आवळपट्टी: सगळ्यात जास्त होणारी चूक

दंशाच्या वर दोरी आवळून बांधायची, ही पद्धत गावोगाव अजून जिवंत आहे. ती चांगल्या मनाने केली जाते, म्हणून मोडायलाही कठीण. चापड्याच्या दंशात ती दुहेरी नुकसान करते. हे विष आजूबाजूचं मांस खराब करतं; दोरीने तुम्ही ते त्याच तुकड्यात कोंडून ठेवता. शिवाय खालून सूज चढत असते, त्यामुळे सैल वाटणारी दोरी अर्ध्या तासात फास बनते आणि रक्तच थांबतं. जीव वाचतो आणि बोट किंवा पंजा जातो, अशी उदाहरणं यातूनच होतात.

काही ठिकाणी पूर्ण हातपाय घट्ट बँडेजने गुंडाळायची पद्धत वाचायला मिळते. ती मांस न सडवणाऱ्या, मज्जासंस्थेवर परिणाम करणाऱ्या विषांसाठी आहे. चापड्यासाठी नाही.

तुम्ही पोचण्याआधीच कोणी दोरी बांधली असेल तर ती रस्त्यात झटकन कापू नका. कोंडलेलं विष आणि खराब झालेलं रक्त एकदम अंगात जातं. १०८च्या डॉक्टरला फोनवर सांगा, आणि दोरी डॉक्टरांसमोर, हळूहळू सोडवू द्या. दवाखान्यात शिरताना पहिलं वाक्य हेच: 'दोरी बांधलेली आहे, इतक्या वाजता बांधली.'

## ६. हातपाय स्थिर करणं

मोडलेलं हाड जसं बांधतो, तसंच. फरक एवढाच की सूज वाढणार आहे हे गृहीत धरून बांधायचं.

१. हात असेल तर कोपर थोडं वाकवून, फळी बोटांपासून कोपराच्या पुढे जाईल अशी ठेवा. फळी नसेल तर गुंडाळी केलेलं जाड मासिक किंवा छत्री चालते. पाय असेल तर फळी टाचेपासून गुडघ्याच्या वरपर्यंत.

२. क्रेप बँडेज सैल गुंडाळा. त्याखाली तुमचं एक बोट आरामात सरकलं पाहिजे. दंशाची जागा उघडी ठेवा.

३. हात ओढणीच्या झोळीत, साधारण हृदयाच्या पातळीत. डोक्याच्या वर धरायचा नाही, खाली लोंबकळतही सोडायचा नाही.

४. मार्करने सुजेच्या कडेवर रेघ ओढा आणि बाजूला वेळ लिहा. दर पंधरा-वीस मिनिटांनी नवी रेघ. दवाखान्यात पोचेपर्यंत हातावर तीन-चार रेघा होतात: ९.३५ मनगटाखाली, ९.५५ मनगटावर, १०.१५ चार बोटं वर. सूज किती वेगाने चढली ते डॉक्टरांना एका नजरेत कळतं. 'खूप सुजलं हो' यातून काही कळत नाही.

तपासा, प्रत्येक रेघेबरोबर: बोटांच्या टोकाला स्पर्श कळतो का? नख दाबून सोडल्यावर गुलाबी रंग परत येतो का? नसेल येत, तर तुमचं बँडेज घट्ट झालं आहे. सैल करा.

कळ असह्य असते, हे आधीच सांगून ठेवतो. पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको: रक्त न गोठण्याची शक्यता असताना ही औषधं रक्तस्राव वाढवतात, आणि मूत्रपिंडालाही त्रास देतात. ट्रेकवाल्यांच्या पिशवीत नेमक्या याच गोळ्या असतात.

चेहरा किंवा मानेला चावा असेल तर हा सगळा भाग सोडा. फळी नाही, रेघा नाहीत. सुजेने श्वासाची वाट अडू शकते. माणसाला अर्धवट बसतं ठेवून थेट मोठ्या रुग्णालयाकडे निघा.

## ७. नेणं

चालू द्यायचं नाही. पायवाटेवर पाठुंगळी, खुर्चीवर, नाहीतर दोन काठ्या आणि घोंगडीची डोली करून न्या. उचलायला कोणीच नसेल तर हळू, थांबत थांबत चालणं हे जंगलात बसून राहण्यापेक्षा बरं. पण धावणं कधीच नाही.

चारचाकी मिळेना तर मोटारसायकल चालते. रुग्ण मधे, मागे तिसरा माणूस त्याला धरून. भोवळ आली तर एकट्या मागे बसलेल्या रुग्णाला चालवणारा सावरू शकत नाही. ग्लानी किंवा उलट्या असतील तर दुचाकीचा नाद सोडा. गाडीत डाव्या कुशीवर झोपवा.

लस आणि डॉक्टर असलेलं सर्वांत जवळचं ठिकाण गाठा, 'चांगल्या' दवाखान्याच्या शोधात तीन गावं ओलांडू नका. पुढे पाठवायचं की नाही, ते तिथले डॉक्टर ठरवतील.

## ८. दवाखान्याच्या दारात काय सांगायचं

गर्दीत, घाईत, चार जण एकदम बोलतात. एकानेच बोलायचं आणि एवढंच सांगायचं:

- कधी चावला, कुठे चावला, कोणत्या भागात (जंगल, काजूबाग, घर)
- साप दिसला का, फोटो आहे का
- दोरी, कापणं, पाला, गोळी: जे केलं असेल ते, न लाजता
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, गर्भारपण, कसली ॲलर्जी, पूर्वी कधी ही लस घेतली होती का
- हिरड्यांतून रक्त, लालसर लघवी, उलटी, पोटदुखी असं वाटेत काही झालं का

त्यानंतर साधारणतः एक साधी तपासणी होते. नव्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेतात आणि वीस मिनिटं न हलवता ठेवतात. मग नळी एकदा कलती करतात. रक्ताची गोठलेली वडी तशीच राहिली तर गोठण्याची क्रिया ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर बिघडली. नळी काचेचीच लागते, प्लास्टिकची नाही. साबणाने धुतलेली नळीही चुकीचं उत्तर देते.

इथे सगळ्यात मोठी चूक होते. पहिली तपासणी ठीक आली की नातेवाईक म्हणतात, 'सोडा आम्हाला.' चापड्याच्या, विशेषतः हंप-नोज्डच्या दंशात बिघाड उशिरा दिसू शकतो. पहिले तीन तास दर तासाला आणि नंतर चोवीस तासांपर्यंत दर सहा तासांनी ही तपासणी पुन्हा करायची असा प्रघात आहे. किमान चोवीस तास थांबायचं. माझ्या ओळखीतल्या एका माळ्याला एकाच चाचणीवर घरी पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबेना, तेव्हा पुन्हा धावपळ झाली. डॉक्टरांना नम्रपणे विचारा: 'पुढची तपासणी किती वाजता?'

दुसरं, लघवी. रोज किती होते ते मोजून ठेवा. रिकामी पाण्याची बाटली यासाठी पुरते. कमी झाली किंवा चहासारखी गडद झाली तर लगेच सांगा. रक्तातल्या क्रिएटिनीनची, म्हणजे मूत्रपिंड नीट चालतं की नाही याची, तपासणी त्यासाठीच असते.

रक्ताचा अहवाल ठीक येईपर्यंत दंडात किंवा कमरेत कुठलंही इंजेक्शन घेण्याची घाई नको. धनुर्वाताचं इंजेक्शनही त्यानंतर देता येतं.

## ९. 'लस द्या' म्हणून भांडण्याआधी

आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस घोड्यांपासून बनवतात आणि ती चार सापांच्या विषावर आहे: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चापडा त्या चारांत नाही. म्हणजे दंश नक्की चापड्याचाच असेल, तर ती लस सहसा उपयोगाची नाही, आणि तिची तीव्र ॲलर्जी मात्र येऊ शकते: अंगावर पित्त, धाप, रक्तदाब कोसळणं.

मग डॉक्टर काही वेळा का देतात? कारण साप दिसलेला नसतो, आणि रक्त गोठत नसतं. अशा वेळी चावलेला साप घोणस किंवा फुरसं असू शकतो, आणि तिथे लस न देणं हाच जीवघेणा निर्णय ठरतो. दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात. तुमच्या त्या लांबून काढलेल्या, थोड्या अस्पष्ट फोटोची किंमत इथे कळते.

म्हणून 'चापडा आहे, लस दिली नाही' यावरून आरडाओरड करू नका. सलाईन, वेदनाशामक, सुजेवर लक्ष, गरज पडल्यास रक्तघटक आणि डायलिसिस हाच इथला उपचार आहे. 'साप चापडाच होता' असं ठासून सांगून गरजेची लस रोखण्याचाही प्रयत्न करू नका. तुम्ही ओळखण्यात चुकला असू शकता.

सुजलेला हात दगडासारखा टणक झाला, बोटं सरळ करताना जीव कासावीस झाला, पंजा थंड किंवा पांढरा पडला, तर तपासायला बोलवा. आतला दाब वाढल्याने क्वचित शस्त्रक्रिया लागते, पण ती दाब मोजून आणि रक्त गोठायला लागल्यावर.

## १०. घरी आल्यावर

सूज दोन-तीन दिवस वाढलेली दिसू शकते. हात उशीवर थोडा उंच ठेवा. फोड फोडू नका, त्यावर मलम-हळद थापू नका. कातडी काळी पडत चालली, पू किंवा वास आला, ताप भरला तर परत जा. पहिले काही दिवस दाढीला ब्लेड नको, दात मऊ ब्रशने घासा, हिरड्यांकडे आणि लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवा.

लस दिली असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी, अंगाला खाज येऊ शकते. ती लसीची उशिराची प्रतिक्रिया असते. लोक तिला मलेरिया समजून वेगळ्याच डॉक्टरकडे जातात आणि सर्पदंशाचं बोलतच नाहीत. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, तो आधी दाखवा.

बोटं हलवायला लाजू नका. सूज ओसरायला लागली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की दिवसातून पाच-सहा वेळा मूठ वळायची, उघडायची. कणकेचा गोळा दाबणं हा सगळ्यात सोपा व्यायाम. आमच्या त्या मुलाने तो केला नाही आणि त्याची तर्जनी अजून पूर्ण वळत नाही. फांदी धरताना ते एक बोट बाहेरच राहतं.